खांड्यावरची हळद

बाभुळखेड्यात अभिमनचं घर कुणाला विचारत बसावं लागत नसे. ज्या दाराची कडी उन्हात डोळ्यांवर येते ते घर अभिमनचं. दोंडाईच्यापासून तीन कोसांवरचं हे काळ्या मातीचं गाव. तिथं पायाला चिखल न लागलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण हा गृहस्थ शेतातून आला की आधी पाय धुवायचा, मग काठी, मग काठीचं टोक वेगळं धुवायचा. बैलांची शिंगं पोळ्याला सगळेच घासतात, हा दर अमावास्येला घासायचा. "अभिमनना घरमा मुंगीबी पाय पुशी जास," असं बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. त्याची बायको सुंदरबाई ते ऐकून ओठ दाबून हसायची. हसणार नाही तर काय करणार? चिंच कोळून कोळून तिच्याच बोटांची सालं निघालेली असायची.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि घालाव्यातच. मराठी सातवी पास, पोटापुरती जमीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच खोड होती. चारचौघांत त्याचं काही चुकलं असं कुणी म्हटलं की त्याचे कान लालबुंद व्हायचे आणि जीभ मेंदूच्या आधी धावायची. मग काय वाटेल ते बोलून तो त्यातून सुटका करून घ्यायचा. अशा सुटकेची सवय माणसाला कुठे नेऊन सोडते ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सन छत्तीसच्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गावचे रुपचंद मास्तर अभिमनला घेऊन दोंडाईच्याहून रेल्वेनं तिकडे गेले. पुढारी काय बोलले ते दोघांनाही फारसं आठवत नव्हतं, कारण गर्दीत काही ऐकूच आलं नाही. पण तिथं खेड्यांतल्या कारागिरीचं प्रदर्शन होतं. आपल्या घरात कोपऱ्यात पडलेलं असतं तसलंच सूप, तसलाच चरखा, आणि ते बघायला शहरातली धोतरं-टोप्या रांग लावून उभ्या! मास्तर येताना जळगावपर्यंत गप्प होते. जळगाव सुटल्यावर म्हणाले, "अभिमनभाऊ, आपल्या गावात काय कमी आहे? गढी पडली, पण तिचं सामान घराघरांत माळ्यावर धूळ खातंय. आपण एक खोली करू. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं, आपण कोण होतो ते आपल्यालाही कळावं."

चावडीला लागून एक खोली होती, कोंडवाड्यातल्या गुरांची वैरण तिथं ठेवत. अभिमननं ती स्वतः झाडली, सारवली, चुन्यानं पांढरी केली. दोंडाईच्याच्या एका कापसाच्या पेढीतून काचेचं जुनं कपाट आलं. मग वस्तू यायला लागल्या. गढीच्या दरवाजाचे हातभर लांब खिळे आले, पितळी पायली आली, नीळ उकळायची कढई आली. एक दगडी गोळा आला, त्याला सगळे तोफगोळा म्हणत. त्याच्यावर चार पिढ्यांनी मिरच्या वाटल्या होत्या, त्यामुळे तो हातात घेतला की अजून शिंका यायच्या. मास्तर प्रत्येक वस्तूखाली सुंदर अक्षरात चिठ्ठी लावायचे: वस्तू काय, कुणाच्या घरची, केव्हाची. आपल्या आजाचं नाव काचेमागे बघायला माणसं मुद्दाम धुतलेला सदरा घालून यायची. खोलीची किल्ली अभिमनच्या करगोट्याला लटकली आणि चालताना ती वाजेल अशी चाल त्यानं आपोआप धरली.

राहिलं होतं ते भटू आबाचं खांडं.

भटू आबा म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं घराणं. कान पार गेलेले. त्याच्याशी बोलायचं म्हणजे वेशीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं. त्याच्या देवघरात एक सरळ पात्याची तलवार होती. तिला ते खांडं म्हणत. मुठीजवळ पात्यावर दोन बोटं रुंद जागेत सोन्याची अक्षरं होती, वळणदार, केसाएवढी बारीक. घराण्यात सांगत की मूळ पुरुष उखा बाबा यानं गढी राखली, म्हणून कुणा सरदारानं त्याचं नाव घालून हे खांडं दिलं. कुठला सरदार, कुठली लढाई, कुणालाच ठाऊक नाही. अक्षरं फारशी होती, आणि फारशी वाचणारा पंचक्रोशीत नव्हता.

"खांडं देवघरमाच राही," भटू आबा म्हणाला, म्हणजे ओरडला.

त्याची बायको तानुबाई चुलीपाशी होती. अंगानं किरकोळ, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आणि साऱ्या भावकीत सगळ्यात मोठी सवाष्ण. श्रावणात कानबाई बसते तेव्हा देवीचा नारळ मांडायचा मान तिच्या हाताचा. ती उठून आली आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "देवघरमा कोन देखस त्याले? उखा बाबानं नाव बठ्ठा गावले कळू द्या ना!" मग अभिमनकडे वळून बोट दाखवून तिनं बजावलं, "पन खांडेनवमीले पूजा मीच करसू. तुन्हा कपाटना दार उघडं ठेवजो."

असं खांडं आलं. मास्तरांनी धुळ्याच्या एका वकिलांना पत्र घातलं. हे वकील कोर्टाचं काम संपवून जुने कागद, ताम्रपट, शिक्के वाचत बसायचे. त्यांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. मास्तरांनी ते अभिमनला दोनदा वाचून दाखवलं: "शस्त्र आहे तसेच ठेवावे. घासणे, तेलपाणी काही करू नये. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन लेखाचा ठसा घेईन."

"समजलं ना?" मास्तर म्हणाले.

"समजनं," अभिमन म्हणाला. न समजायला काय झालं होतं?

नवमीच्या आदल्या दिवशी गावात घरोघर एकच आवाज असतो. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, पावशा, सगळं लोखंड घासून निघतं, दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा. अभिमननं आपली हत्यारं सकाळीच चकचकीत करून ओळीनं लावली. मग दुपारी तो खोलीकडे गेला, कपाट उघडलं, आणि ते तपकिरी डागांचं पातं बघून त्याच्या जिवाची कालवाकालव झाली. शेणखताचं फावडंसुद्धा उद्या चमकणार, आणि गावातलं सगळ्यात थोर शस्त्र असं गंजलेलं? देवासमोर असं ठेवायचं? धुळ्याचे साहेब येऊन म्हणणार, या गावाला साधी राखणसुद्धा जमत नाही. "आहे तसंच ठेवा" म्हणजे कुणाला देऊ नका, हलवू नका, एवढंच असणार. शहरातल्या माणसाला खांडेनवमी काय माहीत!

त्यानं घरी जाऊन सुंदरबाईकडून चिंचेचा कोळ आणि विटेची भुकटी घेतली. खोलीमागच्या दगडावर बसून, नारळाच्या काथ्यानं, जीव लावून घासलं. विटेच्या लाल चिखलात पिवळं पिवळं उतरायला लागलं. अभिमनला बरंच वाटलं. पिढ्यान्‌पिढ्यांची हळद साचलीय म्हणून त्यानं त्याच जागी आणखी जोर लावला.

पाणी ओतून, पुसून त्यानं खांडं उन्हात धरलं. पातं आरशासारखं झालं होतं. त्यानं अक्षरं बघितली. दिसली नाहीत. तो स्वतःशी म्हणाला, दुसऱ्या बाजूला असतील. खांडं उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. मुठीजवळ नखानं ओरखडल्यासारख्या नुसत्या आडव्यातिडव्या बारीक रेघा होत्या, त्यांच्यावर पत्र्यासारखं बसवलेलं सोनं गेलं होतं. मग त्याला कळलं की ती हळद नव्हती. त्यानं खाली वाकून चिखलात बोटं घातली, ओंजळीनं चिखल वर काढला. पाणी केव्हाच उतरून कुंपणाकडे गेलं होतं आणि तिथं कोंबड्या पायांनी उकरत होत्या.

तेव्हाच उठून मास्तरांकडे जायला हवं होतं. मास्तरांचं घर पन्नास पावलांवर. रागावले असते, हळहळले असते, आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण अभिमन ओल्या हातांनी खांडं कपाटात ठेवून घरी गेला आणि पोट दुखतं म्हणून निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई ताट घेऊन आली. खांडं बघून तिचे डोळे मोठे झाले. "काय उजळनं रे, अभिमन! उखा बाबा परत उना असा वाटस." तिनं ओल्या फडक्यानं पातं पुसलं आणि दरवर्षीप्रमाणे मुठीजवळ, नेमक्या त्याच जागेवर, बोटभर जाड हळदकुंकू लावलं. नजर तिची अधू झाली होती, आणि नमस्कार करताना माणूस डोळे मिटतोच. अभिमन दारात उभा होता. हळदीखाली झाकलं गेलं म्हणून त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढं जन्मभर वाटत राहिली. घासण्याची नाही एवढी वाटली.

दिवाळीनंतर धुळ्याचे वकील बैलगाडीतून आले. खोलीत आणि खोलीबाहेर गाव लोटलं होतं. भटू आबाला पुढं खुर्ची दिली होती, त्यानं ठेवणीतली पगडी घातली होती. आज उखा बाबाचं नाव वाचलं जाणार होतं. वकिलांनी कागद, शाई, कापसाचा बोळा मांडला, खांडं हातात घेतलं, वाळलेलं हळदकुंकू रुमालानं हळूच झटकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. मग पातं डोळ्यांजवळ नेलं.

"हे कुणी घासलं?" वकील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मास्तर वळले. "अभिमनभाऊ, पत्र तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना?"

सारं गाव त्याच्याकडे बघत होतं. कान तापले. जीभ धावली.

"तानु अक्का येस ना पूजाले," तो म्हणाला, "तिनी घासं व्हई."

'व्हई', म्हणजे असेल. त्या एका शब्दात त्यानं आपल्यासाठी पळवाट ठेवली होती. मी कुठे म्हटलं की तिनंच घासलं? माणूस किती हुशार असतो बघा, स्वतःला फसवायला. पण गर्दीनं 'व्हई' ऐकलंच नाही, नाव तेवढं ऐकलं.

बायांच्या घोळक्यातून तानुबाई पदर सावरत पुढं आली. "मी ओल्या फडकाघाई पुसं व्हतं, दादा. हळद लायी व्हती. वरसोवरीस लावतस आम्ही."

"बाई, हे पुसून गेलेलं नाही. घासून गेलंय."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले. अभिमननं खांडं केलं होतं तसेच. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तर मंग मना हातघाईच घासाई गयं व्हई."

ती खोटं बोलत नव्हती, नवऱ्याला घाबरूनही बोलत नव्हती. शिकलेली माणसं सांगतायत, किल्ली सांभाळणारा सांगतोय, तर आपल्याच हातानं झालं असणार, असं तिनं मानलं. अभिमनचा शब्द तिनं आपल्या हातांपेक्षा खरा धरला.

"काय म्हने? काय म्हने तो साहेब?" भटू आबा खुर्चीतून विचारत होता. शेजारी झुलाल उभा होता, गावाचा भोंगाच तो. त्यानं आबाच्या कानाशी तोंड नेऊन बोंब ठोकली, "आबा! नाव गयं! तुन्या घरनीनी पुशी टाकं!" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आबानं बायकोकडे एकदा पाहिलं, पगडी काढून काखेत मारली आणि काठी टेकत तो एकटाच घरी गेला.

वकिलांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि ते संध्याकाळच्या गाडीनं परतले. जाताना म्हणाले, "आता हे लोखंड आहे. चांगलं आहे, पण लोखंड आहे."

त्या दिवसापासून भटू आबानं बायकोला नावानं हाक मारली नाही. "पानी आन वं, नाव पुसनारी." "भाकर वाढ, नाव पुसनारी." आधी चिडून, मग सवयीनं. बहिऱ्याचा आवाज मोठा, त्यामुळे ही हाक दिवसातून दहादा गल्लीभर जायची. तानुबाई आधी ओट्यावर गल्लीकडे तोंड करून तांदूळ निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. आता ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. सगळी भावकी जमली, दिवे लागले, चौरंग सजला. तानुबाई नेहमीसारखी पुढं झाली तेव्हा तिची धाकटी जाऊ भागाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "अक्का, यंदा मी मांडू का?" एवढंच. तानुबाईनं नारळापर्यंत नेलेले हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळले. "हां वं, तूच मांड. मना हात चांगला नही."

सुंदरबाईनं घरी येऊन हे सांगितलं. सांगून झाल्यावर ती नवऱ्यासमोर उभीच राहिली. म्हणाली, "चिंच मी कोळी दिधी व्हती तुमले." ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिनं चिंच कोळणं बंद केलं, आणि त्यानंही मागितली नाही. दाराची कडी काळी पडली. पितळेचे हंडे हिरवट झाले. लोक म्हणाले, अभिमनला वय झालं. चाळिशीत कसलं वय! त्याला काही घासायला घेतलं की लाल चिखलातलं पिवळं दिसायचं.

सांगायला तो निघाला नाही असं नाही. बियाण्याच्या निमित्तानं, बैल बघायच्या निमित्तानं, कितीदा तरी भटू आबाच्या ओट्यापर्यंत गेला. तानुबाईला सांगितलं तर ती आबाला सांगणार. आणि तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? आबाला त्यानंच सांगायला हवं. आबाला सांगायचं तर ओरडावं लागणार, आणि ओरडलं तर गल्ली ऐकणार. एवढ्यावर येऊन त्याचे पाय फिरायचे. तानुबाई भिंतीकडे बघतच म्हणायची, "बस ना, भाऊ. पानी पी." तिच्या हातचं पाणी पिऊन तो परत यायचा. खोटं तो एकदाच बोलला होता, तेही एक वाक्य. बाकी दहा वर्षं नुसता गप्प बसला.

त्यातच चव्वेचाळीस साली, माघात, भटू आबा गेला. अभिमननं खांदा दिला. तिरडी उचलताना आतून कुणीतरी तानुबाईच्या बांगड्या फोडल्याचा आवाज आला आणि तो जागीच थांबला. लोकांना वाटलं, ओझं झालं.

रुपचंद मास्तर तोवर बदली होऊन गेले होते. खोलीचं सगळं अभिमनच बघायचा. सत्तेचाळीसचा वैशाख लागताच धुळ्याहून जाड लिफाफा आला. तिथं गावोगावच्या जुन्या वस्तूंसाठी मोठं दालन बांधून झालं होतं. बाभुळखेड्याच्या वस्तू तिथं कायमच्या मांडायच्या होत्या, प्रत्येकीखाली छापील चिठ्ठी लागणार होती. चिठ्ठ्यांचा मजकूर सोबत होता. "तपासून, चूक असल्यास दुरुस्त करून, सहीनिशी परत पाठवावा." वकील आता थकले होते, पण त्यांची ती वही थकलेली नव्हती. अकरावा नग:

"तलवार. भटू यांच्या घराण्यातील. मुठीजवळ सुवर्णाक्षरी फारशी लेख होता. घरातील अडाणी स्त्रीने घासल्यामुळे तो समूळ नष्ट झाला."

अभिमननं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. आजवर त्यानं मनाशी एक हिशेब धरला होता, की माणसं मरतील तशी ही गोष्टही मरेल. आबा गेला, तानुबाई जाईल, झुलाल जाईल, आपण जाऊ. आता ती मरणार नव्हती. धुळ्याची माणसं, साक्रीची, जळगावची, न जन्मलेली माणसं काचेवर वाकून वाचणार होती: अडाणी स्त्रीने. आणि खाली तपासून सही कुणाची? त्याची.

त्यानं शाईची बाटली उघडली. त्या ओळीवर काट मारली आणि आपल्या सातवी पास अक्षरात लिहिलं: "लेख अभिमन गिरधर याने, पत्राने मनाई असता, चिंच व विटेच्या भुकटीने घासून घालवला, व आळ तानुबाईवर टाकला. तिने फक्त पूजा केली." सही केली. छातीवरचा धोंडा थोडा हलल्यासारखा वाटला. लगेच दुसरा विचार आलाच, हे मन काही साधं नसतं. कागद धुळ्याला जाईल. धुळ्याला कळेल. गावात कोण कशाला धुळ्याला जाऊन वाचतंय?

सुंदरबाई मागं उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या पाठीवरून तिला सगळं कळायचं. "काय लिखं?" तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं शे. पन तानु अक्काले वाचता येस का?"

दुसऱ्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी मेलेली माणसं आपापल्या घरी जेवायला येतात, असं आमच्याकडे मानतात. पाण्यानं भरलेली मातीची घागर मांडायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवायचे, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळी-तुपाचा घास टाकून पितराला नावानं बोलवायचं. गल्लीतल्या निंबाला झोके बांधलेले होते, सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. अभिमन कागद घेऊन त्या गाण्यांमधून चालत गेला.

भटू आबाच्या घरी घागर मांडून झाली होती. थोरला मुलगा कौतिक हातात घास घेऊन चुलीपुढं बसला होता, सुना मागं उभ्या होत्या. तानुबाई भिंतीशी बसली होती. पांढरं कपाळ, मोकळे हात.

"अक्का," अभिमन म्हणाला, "एक कागद वाचाना शे." आणि उभ्याउभ्याच त्यानं वाचला. कौतिकचा हात तसाच हवेत राहिला.

"परत वाच," तानुबाई म्हणाली.

त्यानं परत वाचला.

"तू घासं?"

"हां, अक्का."

"आन् मी?"

"तुमना हातघाई काहीच व्हयनं नही."

तिनं आपले हात पदरातून बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. अभिमनला वाटलं, शिव्या देईल, थुंकेल; त्याला तेच हवं होतं, आता सुटलो असं तरी वाटलं असतं. पण ती जणू स्वतःशीच म्हणाली, "दहा वरीस मी कानबाईले हात नही लाया. आन् आते लावता येस नही. आते कपाळ मोकळं शे मनं."

चुलीत निखारा फुटला. कौतिक उठायला लागला, त्याच्या मुठी वळल्या होत्या. तानुबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"माले सांगं, चांगलं करं," ती अभिमनला म्हणाली. मग तिनं घागरीकडे बोट दाखवलं. "त्याले कोन सांगी? माले नाव पुसनारी म्हनतच गया तो. आज जेवाले येल शे. कौतिक, सरक. तो घास अभिमनले टाकू दे."

अभिमन चुलीपुढं गुडघ्यांवर बसला. कौतिकनं घास त्याच्या हातावर ठेवला, हाताला स्पर्श होणार नाही असा, वरून. तूप बोटांवरून ओघळलं. "आबा," तो पुटपुटला, "भटू आबा, ते खांडं... मी..." बोललेलं त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही. घास निखाऱ्यावर टाकायला त्यानं हात पुढं केला.

"जोरमा बोल, भाऊ," मागून तानुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखाद्या परक्याला घरातली अडचण सांगावी तसं ती सांगत होती. "त्याले आयकाय येत नव्हतं."

अभिमननं डोळे मिटले.

"आबा!" तो ओरडला. "खांडं मी घासं! नाव मी पुसं! अक्कानी नही! अक्कानी नही, आबा, मी पुसं!"

निंबाखालचं गाणं थांबलं. झोक्याची दोरी दोनदा करकरली आणि तीही थांबली. ओट्याओट्यावर माणसं उभी राहिली, आणि म्हातारा झालेला झुलाल कानाला हात लावून दाराशी आला. "काय व्हयनं? कोन बोंब मारस?"

अभिमननं घास निखाऱ्यावर टाकला, तूप भडकलं. त्याला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. पण पाठीमागं तानुबाई उठली, उंबरा ओलांडून ओट्यावर गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गल्लीकडे तोंड करून बसली.